बोकोबा लाल झाला की

माणूस तावातावाने भांडायला आला की त्याला अडवायचं नसतं, ही एक विद्या बंबताईंना पक्की येत होती आणि तेवढ्या विद्येवर त्यांनी उभा जन्म रेटला होता. घरगुती यंत्रं दुरुस्त करणाऱ्या एका कंपनीत त्या तक्रारीच्या खिडकीत बसत. कपडे धुवायचं यंत्र, पाणी तापवायची टाकी, फ्रीज, असलं काहीबाही बिघडलं की लोक आधी फोन करत, आणि फोनवर कोणी दाद देईना की तणतणत खिडकीशी येत. बाकीच्या खिडक्यांतली पोरंपोरी एकाला दोन उत्तरं द्यायची आणि प्रकरण पेटलं की मान वळवून म्हणायची, "ताई, तुमच्याकडे पाठवतोय हं." त्यांनीच हे नाव पाडलं. आग लागली की बंब बोलवायचा, दुसरं काय.

बंबताईंची रीत ठरलेली होती. समोरचा बोलू लागला की हातातलं पेन खाली ठेवायचं. त्याच्या डोळ्यांत बघायचं नाही, सदऱ्याच्या वरच्या गुंडीकडे बघायचं. मध्ये तोंड घालायचं नाही. तो श्वास घ्यायला थांबला की हळू आवाजात म्हणायचं, "बरोबर आहे तुमचं." तो पुन्हा भडकतो, पण पहिल्याइतका नाही. पुन्हा तेच, "बरोबर आहे तुमचं." तिसऱ्या खेपेला गडी पाणी मागतो. पाणी पोटात गेलं की सही करतो आणि तक्रार मिटली. आता यंत्र दुरुस्त झालं का, ते बंबताईंना विचारू नका. ते खातं मागच्या इमारतीत होतं. त्यांच्या खात्यात माणूस गार झाला म्हणजे काम झालं.

घरात तरी वेगळं काय होतं? नवरा म्हणजे तोफखाना. चहा कोमट झाला तरी त्याचा आवाज जिन्याच्या तळापर्यंत जायचा. बंबताई त्याच्याही गुंडीकडे बघत राहिल्या. "तुम्ही कसं हो सांभाळता?" असं शेजारणी विचारत, तेव्हा त्यांना बरं वाटायचं. खोटं कशाला बोला, अभिमानच वाटायचा. नवरा एका दुपारी खुर्चीत बसल्याबसल्या गेला. लोक म्हणाले, बाईने संसार निभावून नेला. बंबताईंनाही तसंच वाटत होतं.

त्यांची एकुलती एक लेक ठमी. नावाप्रमाणे ठेंगणी, ठसठशीत, लहानपणी तोंडाने तिखट. लग्न करून दुसऱ्या गावी गेली आणि तिखटपणा कुठे गेला कोण जाणे, फोनवर नुसतं "हो", "बरं", "ठेवते". एका दुपारी ती एक पिशवी घेऊन दारात उभी राहिली.

"राहायला आलेय," ती म्हणाली.

"जावईबापू?"

"मी आलेय ना. आत येऊ का नको?"

बंबताईंनी तिला आत घेतलं, जेवायला वाढलं, आणि ती जेवत असताना त्यांच्या मनात एकच गोष्ट घोळत होती: पोरगी परत नांदायला गेली पाहिजे. शेजारीपाजारी विचारायच्या आत, वेळेवर, शहाण्यासारखी. ठमीच्याही मनात एकच गोष्ट होती. आईने एकदा, फक्त एकदा म्हणावं की नको जाऊस. पण ते तिने मागितलं नाही, कारण असल्या गोष्टी मागून मिळाल्या तर त्यांची चव जाते. आणि न मागता द्यायची अक्कल बंबताईंना नव्हती.

ठमी बोलेना. काही विचारलं की फोनमध्ये मान घालायची. सोफ्याच्या कोपऱ्यात पाय पोटाशी घेऊन बसायची आणि दोन्ही अंगठ्यांनी काहीतरी टकटक करायची. बंबताई कामावरून येऊन बघतात तर पोरगी सकाळच्याच जागेवर, सकाळच्याच कपड्यांत. असं काही दिवस चाललं. मग एका संध्याकाळी त्यांना राहवेना, त्यांनी मागून फोनमध्ये डोकावलं. पडद्यावर डोंगराएवढा एक बोका बसला होता, शेपटीला आग लागलेली, आणि त्याच्यापुढे चिमूटभर तीन जनावरं.

"कोण गं हा मेला?"

"हा शेवटच्या गडाचा राखणदार. याला हरवल्याशिवाय पुढचा नकाशा उघडत नाही." ठमीने मान वर केली नाही. "नाव इंग्रजी आहे, लांबलचक. मी बोकोबा म्हणते."

"मग हरव की त्याला."

"एकटीने नाही होत. दोघी लागतात."

"मैत्रिणींपैकी घे की एखादीला."

"त्याला माझ्या मैत्रिणी चालत नाहीत," ठमी म्हणाली.

हा "त्याला" बोक्याबद्दल नव्हता, हे न कळायला बंबताई काही दुधखुळ्या नव्हत्या. पण त्यांनी ते ऐकून सोडून दिलं. वीस माणसांची बोलणी रोज ऐकून सोडून द्यायची सवय होती त्यांना. त्या शेजारी टेकल्या आणि म्हणाल्या, "मला शिकव."

ठमीने तेव्हा पहिल्यांदा आईकडे नीट पाहिलं.

झालं, बंबताईंच्या फोनमध्ये तो खेळ आला. खेळायला लागल्या म्हणून त्यांना एक साळिंदर फुकट मिळालं, त्याचं नाव त्यांनी साळू ठेवलं. ठमीकडे जुनी तयार फौज होती. आगीचा कोल्हा ठिणगी, दगडी पाठीचं कासव कातळ, आणि समोरच्याला झोप आणणारं घुबड, त्याचं नाव पेंगुळ. तिने आईला सगळं समजावून सांगितलं. बोकोबा आगीचा, तेव्हा आगीचं जनावर त्याच्यापुढे न्यायचं नाही, ठिणगी घरी. आधी पेंगुळने त्याला पेंग आणायची, तो जांभई देईल तेवढ्यात तुझ्या साळूने झोडायचं, तो जागा झाला की कासव पुढे. प्रत्येकाला ढाल आहे, हे निळं बटण. आणि खाली कोपऱ्यात पांढरं बटण आहे ना, ते दाबायचं नाही.

"का?"

"ती माघार आहे. दाबली की आपण मैदान सोडून बाहेर. नावापुढे पांढरं निशाण लागतं, सगळ्यांना दिसतं, आणि ते निघत नाही."

"छे, छे, ते कशाला दाबेन मी," बंबताई म्हणाल्या.

त्या दाराची घंटा वाजवावी तशा एका बोटाने खेळायच्या. सुरुवातीला ढाल म्हणून हल्ला आणि हल्ला म्हणून भलतंच. ठमी कपाळाला हात लावायची. "आई, तू आपल्याच कासवाला काटे टोचलेस." पण बाई चिकाटीची. कामावर जेवणाच्या सुट्टीत साळूला रानात फिरवून त्यांनी असं काही मोठं केलं की त्याचे काटे भाल्याएवढे झाले, आणि शेजारच्या खिडकीतली पोरगी म्हणाली, "ताई, हे काय नवीन खूळ?" बंबताई म्हणाल्या, "मुलीला सोबत."

बोकोबा मात्र हटायला तयार नव्हता. त्याची खोड अशी की त्याची ताकद अर्ध्यावर आली की त्याच्या मिशा लाल होत. मिशा लाल असताना त्याला मारलं तर त्याला लागायचं नाहीच, उलट तेवढी ताकद त्याच्या अंगात भरायची. आणि त्याचा एक पंजा बसला की आपलं जनावर आडवं. जगातले सगळे खेळाडू नेमके इथे मार खात. अर्धा बोका खाली आलेला दिसला की हात शिवशिवतात, माणूस जोराने मारायला जातो, आणि आपल्या हाताने त्याला जेवू घालतो. या मायलेकीही तशाच हरत होत्या, संध्याकाळमागून संध्याकाळ.

एका संध्याकाळी मिशा लाल झाल्या आणि बंबताईंनी बोट उचललं.

"मारू नकोस," त्या म्हणाल्या. "ढाल धर आणि गप्प उभी राहा."

"आई, तो खातोय आपल्याला."

"खाऊ दे. अगं, हा तर आमच्या खिडकीवर रोज येतो. ओरडू दे त्याला. दमेल."

दोघींनी ढाली धरल्या. बोकोबाने पंजे मारले, आगीचे गोळे टाकले, साळूचे काटे झडले, कासवाच्या पाठीला तडे गेले. आणि खरंच, काही वेळाने मिशा पांढऱ्या झाल्या आणि त्याने एवढी मोठी जांभई दिली. "आता," बंबताई म्हणाल्या, आणि दोघींनी मिळून त्याला बदडलं. त्या दिवशी तो पडला नाही, पण इतका खाली कधीच आला नव्हता. ठमी हसली. दारात पिशवी घेऊन उभी राहिल्यापासूनचं तिचं पहिलं हसू, खो खो हसली, "आई, तू भारी आहेस गं" म्हणून तिने आईच्या खांद्यावर डोकं टेकलं. बंबताईंना त्या क्षणी कोणी राज्य दिलं असतं तरी नको म्हणाल्या असत्या.

त्यानंतर ठमी थोडंथोडं बोलायला लागली. खेळताना बोलायची, नजर पडद्यावर, आवाज सपाट, जणू दुसऱ्या कुणाच्या घरचं सांगतेय.

"त्या दिवशी त्याने ताट भिंतीवर फेकलं. साळूला पुढे घे."

"घेतलं. तुझ्या अंगावर नाही ना फेकलं?"

"नाही. भिंतीवर."

"मग."

या "मग"चा अर्थ काय होता? मग एवढं काय, असा होता. ठमीला तो कळला. तरी तिने पुढे सांगितलं. जावई रोज तिचा फोन बघायचा. बाहेर जाताना दाराला बाहेरून कुलूप घालायचा आणि म्हणायचा विसरलो. ओरडणं संपलं की रडायचा आणि तिला त्याचे डोळे पुसावे लागायचे. आणि ओरडण्याचं कारण आज एक, उद्या दुसरं, त्याला धरबंध नाही.

"तू काय करतेस तेव्हा?" बंबताईंनी विचारलं.

"तू शिकवलंस तेच. गप्प बसते."

"शहाणी आहेस."

लेकीने तोंडात मारल्यासारखं बोलावं आणि आईने ते कौतुक म्हणून घ्यावं, याला काय म्हणायचं? वाचणाऱ्याला कळतंय, लिहिणाऱ्याला कळतंय, एका बंबताईंना तेवढं कळेना. त्यांना वाटलं, पोरगी वळणावर येतेय.

म्हणून तर दुपारी जावयाचे फोन यायचे ते त्या घेत होत्या. ठमीला न सांगता. ठमीने त्याचा नंबर अडवून ठेवला होता, तेव्हा तो सासूला फोन लावायचा आणि सासू खिडकीला "जेवणाची सुट्टी"ची पाटी लावून मागच्या जिन्यात बसायची. तो ओरडायचा. बंबताई ऐकायच्या. तो थांबला की म्हणायच्या, "बरोबर आहे तुमचं, जावईबापू." हळूहळू तो गार होत गेला. एक दिवस रडला. एक दिवस म्हणाला, "आई, माझं चुकतं कधीकधी." बंबताईंचा जीव भांड्यात पडला. त्यांच्या हिशेबी माणूस एवढा निवला म्हणजे दुरुस्त झाला. सगळा जन्म खिडकीत काढलेल्या बाईचीच ही चूक. मागच्या इमारतीत यंत्राचं काय होतं, ते त्यांनी कधी जाऊन पाहिलंच नव्हतं.

"रविवारी या," त्या म्हणाल्या. "घेऊन जा तिला. तयार आहे ती."

इकडे बोकोबापाशी गाडी अडली होती. कारण त्याच्या मिशा एकदाच लाल होत नव्हत्या. पांढऱ्या झाल्या, आपण चार तडाखे मारले की पुन्हा लाल. आणि दुसरा राग पहिल्यापेक्षा लांबलचक, तिसरा त्याहून. ढाल मात्र दर वेळी पातळ होत जायची. तिसऱ्या रागात साळू, कातळ, सगळे ढाली धरून उभ्याउभ्या मरायचे. बंबताईंचं एकच पालुपद, "अजून थोडा दम धर." ठमी दम धरायची आणि दोघी हरायच्या.

मग ठमीने खेळणाऱ्यांच्या गप्पांमध्ये काहीतरी वाचलं आणि स्वयंपाकघरात आली.

"आई, तो चिडतो कोणावर, माहितेय? जो सगळ्यात जास्त वेळ ढाल धरून उभा असेल ना, त्याच्यावर. त्यालाच शोधतो. तो समोरून निघून गेला की याचा राग जागच्या जागी बसतो. मग दुसऱ्याने मारायचं. आणि गेलेल्याला बाहेर जाऊन ताजं होऊन परत येता येतं."

"निघून जायचं म्हणजे?"

"पांढरं बटण."

"ते नको," बंबताई म्हणाल्या. "नावापुढे निशाण लागतं म्हणालीस ना. लोक बघतात."

"कोण लोक, आई? तिथे तुझं नाव 'बंब' आहे. तुला कोण ओळखतं?"

"तरी. पळून जाणं ते पळून जाणंच. एवढं सोसलं ते काय मातीत घालायचं?"

ठमी सोफ्याकडे परत गेली. त्या संध्याकाळी खेळताना तिसऱ्या रागाच्या वेळी तिने आईला न विचारता पांढरं बटण दाबलं. तिचं कासव आणि घुबड धुरात नाहीशी झाली, तिच्या नावापुढे निशाण फडकलं, आणि बोकोबाच्या मिशा खाडकन पांढऱ्या झाल्या. तो स्वतःभोवतीच गोल फिरू लागला. समोर मैदानात एकटा साळू.

"आई, मार. आता मार."

बंबताईंचं बोट निळ्या बटणावर होतं. ते तिथून हललंच नाही. समोर बोकोबा खुळ्यासारखा उभा, जगभरचे खेळाडू ज्या क्षणासाठी जीव टाकतात तो क्षण, आणि ही बाई ढाल धरून बसली. मिशांना पुन्हा लाली चढली आणि साळू एका पंजात गेला.

"मारलं का नाहीस?" ठमीने विचारलं. आवाज चढला नव्हता.

"मला वाटलं, परत चिडेल."

"तो चिडणारच आहे, आई. तू मार किंवा मारू नकोस."

रविवारी दुपारी दोघी सोफ्यावर शेजारीशेजारी बसून खेळत होत्या, बोकोबा दुसऱ्या रागात होता, आणि दाराची घंटा वाजली. बंबताई लगबगीने उठल्या. सकाळपासून त्यांचा एक कान घंटेकडेच होता. ठमीने दारात नवऱ्याला पाहिलं, मग आईला पाहिलं, आणि तिने फोन मांडीवर उपडा ठेवला.

जावई इस्त्रीच्या सदऱ्यात आला होता. बूट काढून नीट बाजूला ठेवले. "आई, बरं आहे ना?" विचारलं. खुर्चीच्या कडेवर बसला. बंबताईंना वाटलं, बघा, केवढा बदल.

"चल," तो ठमीला म्हणाला. "गाडी खाली उभी आहे."

"मी येत नाही."

तो हसला आणि सासूकडे वळला. "आई, तुम्ही तर म्हणाला होतात, तयार आहे."

ठमीने पुन्हा आईकडे पाहिलं. बंबताईंनी टेबलावरची चादर सारखी केली.

"मी तयार नाही," ठमी म्हणाली. "आणि होणारही नाही."

मग त्याचा आवाज निघाला. आधी साधाच. मी तिकडे एकटा, बाहेरचं जेवून पोट बिघडवून घेतोय आणि ही बाई इथे मांजरं मारत बसलीये. मग मोठा. हिला घर कळत नाही, माणसं कळत नाहीत, मी म्हणून ठेवून घेतली, दुसरा असता तर. टीव्हीचा रिमोट त्याने उचलला आणि भिंतीवर मारला, त्याचे सेल सोफ्याखाली गडगडत गेले. खालच्या मजल्यावर कोणीतरी खिडकी लावून घेतली. ठमी हलली नाही. ती त्याच्याकडे बघतच नव्हती. ती आईकडे बघत होती, आता आई काय म्हणते त्याची वाट बघत, लहानपणी बापाचा आवाज चढला की दाराआडून बघायची तशीच.

जावई श्वास घ्यायला थांबला.

बंबताईंची नजर त्याच्या सदऱ्याच्या वरच्या गुंडीवर होती. "बरोबर आहे तुमचं," त्या म्हणाल्या.

तोंडातून आपोआप गेलं ते. घाबरून नाही, ठरवून नाही. शिंक येते तसं आलं. तो पुन्हा ओरडला, पण पहिल्याइतका नाही, आणि बंबताई पुन्हा म्हणाल्या, "बरोबर आहे तुमचं, जावईबापू." थोड्या वेळाने त्याने पाणी मागितलं. त्यांनी आणून दिलं. तो प्यायला, तोंड पुसलं, म्हणाला, "तुमच्याकडे बघून जातो आज. हिला समजवा." बूट घातले आणि गेला. खाली गाडी सुरू झाल्याचा आवाज आला आणि दूर गेला.

बंबताईंनी दार लावलं. त्यांचा श्वास फुलला होता, पण चेहऱ्यावर, काय सांगू तुम्हाला, चेहऱ्यावर समाधान होतं. "बघ," त्या म्हणाल्या, "गेला की नाही? हात लावू दिला नाही तुला."

ठमी आतल्या खोलीत पिशवी भरत होती.

"अगं, हे काय? गेला तो."

"तू त्याला बरोबर म्हणालीस."

"म्हणायचं असतं तसं. त्याने काय होतं? आमच्याकडे रोज म्हणतात. माणूस निवतो."

"दोनदा म्हणालीस." ठमीने कपड्यांची घडी घातली नाही, तशीच कोंबली. "आई, तुझ्या खिडकीवर जो येतो ना, त्याचं यंत्र खरंच बिघडलेलं असतं. त्याला बरोबर म्हटलं तर चालतं. याचं काय बिघडलं होतं? मी?"

"मी तुझ्यासाठीच केलं ते."

"माहितेय. बाबा ओरडायचे तेव्हाही तू माझ्यासाठीच गप्प बसायचीस. मी दाराआड उभी असायचे आणि मला वाटायचं, बाबा म्हणतात ते खरंच असणार, कारण आई नाही म्हणत नाही." तिने चेन ओढली. "मला इथे राहायचं होतं. तुला कळलं नाही का गं? तू एकदा जरी त्याला म्हणाली असतीस की नाही, ती येणार नाही, तर मी तुझ्याजवळ जन्मभर राहिले असते."

बंबताईंनी तोंड उघडलं. आता म्हणावं, राहा, असं त्यांच्या मनात आलं, खरंच आलं. पण समोरचा माणूस बोलत असताना मध्ये तोंड घालायचं नाही, ही सवय इतकी मुरलेली की त्या ठमीचं बोलणं संपायची वाट बघत राहिल्या. ठमीचं बोलणं संपलं होतं. ती दाराशी गेली.

"कुठे जातेस? त्याच्याकडे?"

"नाही."

"मग?"

"तुला सांगितलं तर तो तुझ्याकडून काढून घेईल," ठमी म्हणाली आणि जिना उतरून गेली.

संध्याकाळी तिचा निरोप आला. "पोचले." त्यापुढे काही नाही. बंबताईंनी फोन केले, ते उचलले गेले नाहीत. खेळात मात्र तिचं नाव दिसायचं. एके दिवशी सुट्टीत त्यांनी उघडून पाहिलं तर ठमीच्या नावापुढे पांढरं निशाण होतं आणि त्याच्याशेजारी पुढच्या नकाशाचं चिन्ह. बोकोबा पडला होता. कोणीतरी दुसरी होती तिच्या जोडीला, जिने वेळेवर मारलं. बंबताईंनी त्या दुसरीचं नाव पुन्हापुन्हा वाचलं, ओळखीचं नव्हतं. मग त्या खूप रडल्या, मागच्या जिन्यात बसून, पदराचा बोळा तोंडात धरून, कारण खिडकीवर रांग होती.

खिडकी चालूच आहे. माणसं येतात, भडकतात, निवतात, जातात. आणि दुपारी सुट्टीची पाटी लावली की फोन वाजतो. ठमीचा नव्हे, जावयाचा. कुठे आहे ती, तुम्हाला नक्की माहीत आहे, तुम्हीच लपवलीय, असं म्हणून तो सुरू होतो. बंबताईंना खरंच माहीत नसतं. एकदोनदा त्यांनी ठरवलं होतं, आज बोलायचं, आज याला सुनवायचंच, घसा खाकरलाही होता. पण तो बोलत असतो, आणि त्या ऐकतात, जिन्याच्या कठड्याकडे बघत. हळूहळू त्याचा आवाज उतरतो. मग तो गहिवरून म्हणतो, "आई, खरं सांगू का, या जगात मला समजून घेणाऱ्या तुम्ही एकट्याच आहात."

"उद्या करतो," म्हणतो, आणि ठेवतो.